मेश्राम भाऊंचा आवाज

मेश्राम भाऊंचा आवाज बारीक होता. माणूस दारात उभा राहिला तर दार भरून जायचं, आणि तोंड उघडलं की आतून एखाद्या शाळकरी मुलाचा वाटावा असा आवाज यायचा. पहिल्यांदा ऐकणारा हमखास मागे वळून पाहायचा, दुसरं कोणी बोललं की काय म्हणून. हे मी सांगते आहे म्हणून तुम्हाला कळतं आहे. मला ते ऐकवता येत नाही. आमच्या भागातल्या कितीतरी मेलेल्या माणसांचे आवाज या माणसाने जपून ठेवले, आणि त्याचा स्वतःचा आवाज पुन्हा ऐकायला मिळावा म्हणून त्याच्या बायकोचे जे हाल झाले ते मी शेजारी राहून पाहिले. त्याचा राग मला अजून येतो. कोणावर काढावा ते कळत नाही, म्हणून लिहायला बसले.

अर्जुनी मोरगावला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं एसटीडीचं दुकान होतं. मोबाइल आल्यावर त्याचं झेरॉक्सचं झालं. भिंतीला भिंत लागून मेश्राम भाऊंचा व्हिडिओ शूटिंगचा स्टुडिओ. मागच्या दोन खोल्यांत ते आणि त्यांच्या पत्नी शालूवहिनी राहायचे. मूलबाळ नव्हतं. भिंत एकेरी विटांची, त्यामुळे त्यांच्याकडची फोडणी माझ्या दुकानात यायची आणि माझ्या गिऱ्हाइकांची फोनवरची भांडणं त्यांच्या स्वयंपाकघरात. वहिनी दुसऱ्या दिवशी विचारायच्या, "मंग काय झालं वं ताई, आला का तो जावई?"

नव्याण्णव-दोन हजारच्या सुमारास भाऊंकडे खांद्यावर घ्यायचा जुना मोठा कॅमेरा होता. लग्नाची शूटिंग करायची, टेप गोंदियाला नेऊन मिक्सिंग करून आणायची आणि गिऱ्हाइकाला कॅसेट द्यायची, असा धंदा. मिक्सिंग म्हणजे काय, तर लग्नातलं बोलणं, रडणं, गोंगाट सगळा पुसायचा आणि वर सिनेमाची गाणी चढवायची. नवरीची आई रडते आहे आणि गाणं चाललं आहे बागेतलं. लोकांना तेच हवं असायचं. गाणी कमी पडली तर लोक भांडायला यायचे. मूळ टेप, जिला ते मास्टर म्हणत, ती पुढच्या लग्नाला पुन्हा वापरायची. सगळेच शूटिंगवाले तसं करत.

एका दुपारी नवेगावकडच्या एका खेड्यातून एक बाई आली. सोबत कोणी नाही, कापडाच्या पिशवीत कॅसेट. तिचा मुलगा शिंगाडे काढायला तलावात उतरला होता, तो वर आलाच नाही. वर्षभरापूर्वी त्याच्या बहिणीच्या लग्नाची शूटिंग भाऊंनी केली होती. कॅसेटमध्ये पोरगा दिसत होता, मांडवात कोणाला तरी हसून काहीतरी सांगत होता, आणि वर गाणं.

"दादा," ती म्हणाली, "गाणं तेवढं काढून देजो. खाली तो बोलून राहिला ना."

तिला वाटत होतं, गाणं चादरीसारखं वर घातलेलं आहे, ओढलं की खाली पोरगा सापडेल. भाऊंनी तिला समजावायचा प्रयत्न केला. ती ऐकून घेई आणि पुन्हा तेच म्हणे, "खाली असंल ना तो?" मास्टर टेप कधीच दुसऱ्या लग्नात गेली होती. शेवटी वहिनींनी तिला आत नेऊन जेवायला वाढलं. ती दोन घास खाऊन उठली आणि कॅसेट पिशवीत घालून संध्याकाळच्या गाडीने परत गेली. भाऊ त्या दिवशी बाहेरच्या बाकावर बसून राहिले. मला म्हणाले, "ताई, माह्या हातानं पुसला मी तो पोरगा." मी म्हटलं, तुम्हाला काय माहीत होतं.

त्या दिवसापासून त्यांनी एकही मास्टर पुसली नाही. स्टुडिओत लाकडी फळ्या ठोकल्या, प्रत्येक टेपवर गावाचं नाव लिहून रचायला सुरुवात केली. बाकीचे शूटिंगवाले हसायचे. भाऊंनी आणखी एक प्रथा पाडली, तिला ते हजेरी म्हणायचे. मांडवात गर्दी होण्याआधी घरातल्या एकेक म्हाताऱ्या माणसाला ओसरीवर, उजेडाकडे तोंड करून बसवायचं आणि नाव, गाव आणि मनात येईल ते बोलायला लावायचं. कोणी पिकाचं बोलायचं, कोणी गुडघ्याचं, एका आजीने तर सुनेला मनसोक्त शिव्या घातल्या. कॅसेटमध्ये हे नसायचं. ते फळीवर जायचं. मग वर्षा-दोन वर्षांनी कोणीतरी डोकं भादरलेला मुलगा स्टुडिओच्या पायरीवर येऊन घुटमळायचा, आणि भाऊ काही न विचारता गावाचं नाव शोधू लागायचे.

असाच एकदा एक मुलगा आजीचा आवाज ऐकायला आला. आजी आशीर्वाद देत होती, आणि नेमका शेवटच्या शब्दांवर एक बारीक, मोठा आवाज चढला, "आजी, थोडं इकडे पाहा." भाऊंचा स्वतःचा. कॅमेऱ्याचा माइक कॅमेऱ्यालाच लावलेला, त्याला सगळ्यात जवळचं तोंड कॅमेरावाल्याचं. बाकी माणसं लांबून बोललेली आणि हा मधूनमधून कानात ओरडतो आहे, सरका, हसा, पाहा. भाऊंनी मग एकेक जुनी टेप लावून पाहिली. सगळीकडे तेच. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं, टेप थांबायची आणि भाऊ स्वतःलाच शिवी हासडायचे.

तेव्हापासून त्यांनी शूटिंग करताना बोलणं बंद केलं. सगळं हाताने. तळहात वर केला की टेप चालू आहे, बाकीच्यांनी गप्प. बोटं हलवली की जवळ या. पंजा ढकलल्यासारखा केला की मागे सरका. आमच्या तालुक्यातल्या वऱ्हाडांना ही भाषा पाठ झाली होती. पण हा माणूस मूळचा बोलघेवडा, तोंड आवरायचं कसं? त्याने उपाय काढला. टेप चालू करायच्या आधी तोंडात खर्रा भरायचा.

खर्रा आमच्याकडे नवा नाही. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून तळहाताने रगडायचा. पानठेल्यावर तो करकर आवाज दिवसभर चाललेला असतो. पण मेश्राम भाऊ तोवर खर्रा खात नव्हते. मला चांगलं आठवतं, कारण आमच्या रस्त्यावरच्या पायऱ्यांत एक त्यांचीच पायरी थुंकून लाल झालेली नव्हती. मी बोलायची, "भाऊ, हे काय नवीन?"

"खात नाई वं ताई," ते म्हणायचे. "तोंडाले झाकण लावून राहिलो. भरलं असलं का बोलता येत नाई."

सुरुवातीला ते फक्त शूटिंगपुरतं होतं. लग्नसराईत रोज शूटिंग असायची.

डिजिटल कॅमेऱ्याची वेळ आली तेव्हा मी त्यांच्याबरोबर होते. मला दुकानाच्या कामाने गोंदियाला जायचं होतं, त्यांना कॅमेरा घ्यायचा होता, म्हणून वहिनी आणि आम्ही दोघं सकाळच्या गाडीने निघालो. दुकानदाराने काचेवर पाच-सहा छोटे कॅमेरे मांडले आणि झूम दाखवायला लागला. रस्त्यापलीकडचा बोर्ड किती जवळ येतो, रात्री किती दिसतं. भाऊंनी कशाकडेच पाहिलं नाही. खिशातून स्वतःचा इअरफोन काढला आणि एकेका कॅमेऱ्याला लावून वहिनींना म्हणाले, "शालू, तिकडे दारापाशी जा. काही बी बोल."

वहिनी लाजल्या. दारापाशी उभ्या राहून म्हणाल्या, "काय बोलू? भात झाकून आली, मांजर येईल." पुढच्या कॅमेऱ्यालाही तेच, भात आणि मांजर. दुकानदाराचा धीर सुटला. "अरे भाईसाहब, शादी में कौन सुनता है? पिक्चर देखो, पिक्चर!"

"माह्या घरी ऐकतेत," भाऊ म्हणाले, आणि ज्यात मांजर सगळ्यात स्वच्छ ऐकू आलं तो कॅमेरा घेतला. त्याच्या टेपा काडेपेटीहून थोड्या मोठ्या, वजन काहीच नाही. पहिल्याच लग्नात नवरीच्या बापाने तो पाहिला आणि भडकला. एवढासा कॅमेरा? आमची काय इज्जत आहे का नाही? मग भाऊंनी त्यावर एक मोठा दिवा, पुढे काळं टोपडं आणि मागे जुन्या कॅमेऱ्याचा बंद पडलेला बॅटरीचा डबा बसवला. मग लोकांचं समाधान झालं. त्या मेलेल्या डब्याचं ओझं भाऊंनी कितीतरी वर्षं हसतहसत उचललं.

केशोरी गावचं लग्न मात्र हसण्यासारखं नव्हतं. मी मुलीकडून आमंत्रित होते. भर दुपार, मांडवात बुद्धवंदना चालली होती, मांडवामागे जमिनीत चर खणून चुली पेटवलेल्या आणि त्यांवर वरणाचे गंज, म्हणजे मोठी पातेली. भाऊंनी तळहात वर केला, सगळे गप्प झाले. मुलं नेहमीप्रमाणे कॅमेऱ्यापुढे नाचत होती. भाऊंनी पंजाने मागे सरका केलं. बाकीची पळाली, एक लहानशी झगेवाली पोरगी तेवढी राहिली. तिला वाटलं, हा खेळ आहे. भाऊंचा पंजा हलला की ती तोंड कॅमेऱ्याकडेच ठेवून एक पाऊल मागे जायची आणि हसायची. भाऊ डोळा कॅमेऱ्याला लावून पुन्हा पंजा हलवायचे. छोट्या काचेत त्यांना पोरगी दिसत होती, पोरगीच्या मागे काय आहे ते उशिरा दिसलं.

त्यांनी तोंडातला खर्रा भस्सकन थुंकला आणि ओरडले. तो बारीक आवाज असा फाटला की वंदना थांबली. "पोरगी उचला! मागं चूल आहे! पोरगी उचला गा कोणीतरी!"

एका वाढप्याने तिला झग्याला धरून ओढलं. टाच भाजली, बाकी काही झालं नाही. पोरगी रडली, मग जेवली, मग पुन्हा खेळायला लागली. भाऊंनी शूटिंग पुरी केली आणि परतीच्या जीपमध्ये माझ्याशेजारी येऊन बसले. "ताई," ते म्हणाले, "मीच तिले मागं ढकलून राहिलो होतो. आन ओरडायच्या पहिले मले थुकावं लागलं." नंतर काही दिवस त्यांनी खर्रा सोडला. मग पुढचं लग्न आलं. त्या टेपवर आपण ओरडलो, टेप खराब केली, असं ते म्हणायचे. पण पुसली नाही. केशोरी म्हणून फळीवर ठेवली.

मग काळ बदलला. फोटोच्या कॅमेऱ्यानेच व्हिडिओ निघायला लागला, आणि लोकांना नवरा-नवरी स्वच्छ आणि मागचं सगळं धूसर हवं झालं. भाऊंच्या जुन्या कॅमेऱ्यात मागचा कुलरसुद्धा लख्ख दिसायचा. गिऱ्हाइकं तिरोड्याच्या आणि गोंदियाच्या पोरांकडे जायला लागली. भाऊंनी वर्षभर दम धरला आणि शेवटी तसला कॅमेरा आणला. चित्र खरोखरच देखणं यायचं, मीही कौतुक केलं. भाऊंनी तो उलटासुलटा करून मला दाखवला. माइक लावायला भोक होतं, इअरफोन लावायला नव्हतं. काय भरलं जातं आहे ते भरताना ऐकायची सोयच नाही. घरी येऊन कॉम्प्युटरवर लावल्यावर कळणार. "डोळे मोठे मोठे देल्ले," ते म्हणाले, "पण कान नाई देल्ला याले." टेप गेली, कार्ड आलं. जुना छोटा टेपवाला कॅमेरा दुकानदाराने बदलीतही घेतला नाही, तो कपाटावर पडून राहिला.

तोवर त्यांचं तोंड नीट उघडेनासं झालं होतं. भात बोटाने आत ढकलावा लागायचा. मी अक्षरशः ओरडले त्यांच्यावर, रस्त्यावर ओरडले. ते हसले, तेही अर्धंच. मग जिभेच्या कडेला फोड आली आणि बरी होईना. नागपूरला नेलं तेव्हा डॉक्टरांनी वहिनींना बाहेर बोलावून सांगितलं, जीभ काढावी लागेल. जगतील का, तर पाहू. बोलणं मात्र राहणार नाही.

वहिनींनी परत आल्यावर एकच मागणं मागितलं. "जगाचे आवाज भरले तुमी. माह्यासाठी एक डाव तुमचा भरून ठेवा. मंग नेते तुमाले कुठी न्यायचं ते."

नागपूरला निघायच्या आदल्या दुपारी भाऊ माझ्या दुकानात आले. "ताई, थोडा वेळ मशीन बंद ठेवता का? घरघर येते." मी झेरॉक्स बंद केलं, पंखासुद्धा बंद केला, आलेल्या गिऱ्हाइकाला परत पाठवलं आणि घामाघूम होऊन बसून राहिले. पलीकडे भाऊंनी शर्टाच्या कॉलरला छोटा माइक लावला, त्याची डबी खिशात टाकली, नवा कॅमेरा चालू करून समोर जाऊन बसले. भिंतीतून नुसती कुजबुज आल्यासारखी वाटत होती, शब्द कळत नव्हते, आणि मी कान लावलाही नाही. बराच वेळ ते बोलले. मग वहिनींच्या रडण्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळाने भाऊंनी भिंतीवर थाप मारली. म्हणजे मशीन चालू करायला हरकत नाही.

त्यांनी ते भरलेलं ऐकून पाहिलं नाही. वहिनींनी म्हटलं होतं, पाहून तर घ्या. तर म्हणाले, "माहा आवाज मी काऊन ऐकू? आयुष्यभर त्यालेच तं काढून राहिलो." सकाळच्या गाडीने गेले.

परत आले तेव्हा ते ओळखू येत नव्हते. जबड्याची एक बाजू गेलेली, तोंडावर दुपट्टा, नाकात नळी. दोन-तीन दिवसांनी वहिनींनी कॉम्प्युटर लावायला सांगितला आणि मलाही हाक मारली. कार्ड लावलं. पडद्यावर भाऊ आले, पूर्वीचे, दार भरून टाकणारे. मागच्या फळ्या धूसर, चेहरा असा की कपाळावरची शीर दिसावी. ते बोलायला लागले. आवाज नव्हता.

भाऊंनी आवाज वाढवला. तार काढून पुन्हा लावली. इअरफोन लावला, दुसरा लावला. मग एकदम थांबले, उठले, खुंटीवरच्या शर्टाच्या खिशातून ती माइकची डबी काढली आणि आमच्यापुढे धरली. तिला नखाएवढं एक बटण होतं. ते बंदच्या बाजूला होतं. दुसऱ्या कोणाच्या कॉलरला माइक लावताना ते बटण त्यांनी दर वेळी सरकवलं असणार. स्वतःला लावताना राहून गेलं. जुना कॅमेरा असता तर कानात लगेच कळलं असतं.

वहिनी पडद्यावरून नजर काढेनात. पडद्यावर भाऊ काहीतरी आठवून हसले, हात हलवून काहीतरी सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "आवाज खाली दबून असंल. काढा ना वरतं."

त्या नवेगावच्या बाईला भाऊंनी निदान समजावून तरी सांगितलं होतं. आता त्यांना तेही करता येत नव्हतं. त्यांनी मान हलवली. वहिनी पुन्हा म्हणाल्या, "असंल ना खाली?" मी उठून माझ्या दुकानात आले आणि मशीनवर कोरे कागद घालून झेरॉक्स काढत राहिले, कशाचे ते विचारू नका.

त्यानंतर भाऊंनी कपाटावरचा जुना टेपवाला कॅमेरा खाली काढला. अजून चालत होता, चित्रावर पट्टे यायचे एवढंच. ते फळीवरची एकेक टेप लावून पाहायला लागले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. मला भिंतीतून सगळं ऐकू यायचं, आज्या, आजोबे, गुडघे, पिकं, सुनेला शिव्या, मांडवातले भोंगे. भाऊ स्वतःला शोधत होते. आणि लावलेल्या टेपांत भाऊ कुठेच नव्हते. इतक्या वर्षांत इतकं चोख काम केलं होतं त्यांनी. त्या बोलभांड माणसाने स्वतःला इतकं निगुतीने गाळलं होतं की एक खोकलासुद्धा राहू दिला नव्हता. जुन्या, त्यांच्या सरका-हसाने भरलेल्या टेपा होत्या त्या खांद्यावरच्या कॅमेऱ्याच्या; त्या चालवायचं यंत्र कधीच मोडीत गेलं होतं, आणि टेपांना बुरशी लागली होती.

पावसाळा संपत आला तसे ते फार खचले. त्यांना पुन्हा नागपूरला न्यायचं ठरलं. सगळ्यांना माहीत होतं की हे नेणं कसलं आहे. निघायच्या आदल्या दिवशी मी वहिनींसाठी डब्यात पोळ्या घेऊन गेले. स्टुडिओचं शटर अर्धं वर होतं. मी वाकून आत गेले.

भाऊ खाली सतरंजीवर भिंतीला टेकून बसले होते, दुपट्टा छातीपर्यंत ओढलेला. मांडीवर तो जुना कॅमेरा. वहिनी त्यांना चिकटून बसल्या होत्या आणि त्यांनी कान कॅमेऱ्याच्या बारक्या भोंग्याला लावला होता. आतून वंदनेचे सूर येत होते. मग ते तुटले आणि तो आवाज आला, बारीक, फाटलेला, इतका जवळून की जणू तो आमच्यातच बसून ओरडला. पोरगी उचला! मागं चूल आहे! पोरगी उचला गा कोणीतरी!

वहिनींनी डोळे मिटून घेतले. भाऊंनी बटण दाबलं, टेप मागे गेली.

काहीतरी बोलावं म्हणून मी तोंड उघडलं, "वहिनी" एवढंच म्हटलं असेन. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं आणि कॅमेऱ्यावरचा हात काढून तळहात वर केला.

मी डबा हातात घेऊन तशीच उभी राहिले. टेप पुन्हा चालू झाली.